गुंजसाहेबांची सकाळची तपासणी

गुंजसाहेबांचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय ठरेल. त्यांचा काट्यांवर नव्हता, पावावर नव्हता, घराच्या भिंतींवर नव्हता आणि दुधावर तर अजिबातच नव्हता. माणसं त्या यादीत बरीच खाली, दुधानंतर यायची.

बत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, वजनं तपासायची आणि दुकानदार हसला की दुसऱ्यांदा तपासायचं, अशी त्यांची पद्धत. गुंज म्हणजे सोनं तोलायचं सगळ्यात इवलं वजन. तेवढ्याने कमी भरलेल्या एका पावापायी त्यांनी एकदा पाववाल्याचं दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं होतं, तेव्हापासून बाजाराने त्यांना हे नाव दिलं. खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं.

त्यांची एक सवय मात्र बाजाराला कधीच उलगडली नाही. नमुना म्हणून उचललेला पाव तोलून झाला, वहीत नोंद झाली, की साहेब दुकानासमोरच्या पायरीवर बसून तो पाव शेवटच्या तुकड्यापर्यंत खात. चेहऱ्यावर आनंद नाही, भूक नाही. सरकारी काम चालू असल्यासारखे खात. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने आनंदाने वजन सांगितलं. साहेब म्हणाले, "आधी रिकामा काटा दाखवा." काटा पंधरा ग्रॅम जास्त दाखवत होता. तो बदलून बाळ पुन्हा तोललं. अशा रीतीने त्यांचे चिरंजीव जन्मून तासाच्या आत पंधरा ग्रॅमने कमी झाले, आणि आपल्याला कुणीतरी फसवलंय हा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आजतागायत आहे. चिरंजीव विमा कंपनीत दावे तपासतात. म्हणजे कुणाची गाडी ठोकली, कुणाचा कारखाना जळला, की हे तिथे जाऊन 'खरंच जळला का' ते बघतात. सूनबाई शाळेत गणित शिकवतात, आणि कागदाच्या नुसत्या आवाजावरून कॉपी पकडतात अशी त्यांची ख्याती आहे. तीन माणसांचं घर, आणि तिघंही संशयाच्या खात्यात.

आम्ही त्यांच्या समोरच्या दारात राहतो. त्यामुळे बावीस वर्षं आमचंही सगळं तपासलं गेलेलं आहे.

साहेबांची स्मृती जायला लागली तेव्हा ती साखरेच्या पुड्यातून मुंग्यांनी दाणे न्यावेत तशी गेली. आधी शेजाऱ्यांची नावं, मग सूनबाईंचं नाव, मग सूनबाई. "ही बाई कोण?" ते मला दबक्या आवाजात विचारायचे. "चांगली आहे, पण स्वयंपाकघरात फार वावरते." एक गोष्ट मात्र जागची हलली नाही, ती म्हणजे संशय. उलट बाकीचं सामान बाहेर गेल्यामुळे त्याला ऐसपैस जागा मिळाली.

सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती झोपेची. दुपार कलायला लागली की साहेब बेचैन व्हायचे. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून दारापाशी, 'मला घरी जायचंय' म्हणत. रात्री घरातली कपाटं तपासायचे आणि सकाळी गाढ झोपायचे. चिरंजीव ऑफिसात दुसऱ्यांचे जळके कारखाने बघताना डुलक्या घेत आणि सूनबाईंच्या वर्गात, म्हणे, आयुष्यात प्रथमच एकाने निर्धास्त कॉपी केली.

शेवटी दोघं साहेबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. बाहेर अंधारायला लागलं की ते शरीरात मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडायला लावतं, म्हणजे 'संध्याकाळ झाली, आवरतं घ्या' अशी दवंडीच. या आजारात ते घड्याळ बिघडतं, दवंडी क्षीण होते किंवा भलत्या वेळी पिटली जाते. म्हणून मेलाटोनिनची गोळी, रोज एक, संध्याकाळी बरोबर सात वाजता. सकाळी भरपूर उजेड. दिवसा झोपू द्यायचं नाही.

"उतार पडेल?" सूनबाईंनी विचारलं.

"काहींना पडतो, काहींना नाही. महिनाभर करून बघू. वेळ मात्र चुकवायची नाही."

एकशेवीस गोळ्यांची बाटली आली. ती पहिल्याच दिवसापासून कुलपात गेली हे सांगायला नकोच. साहेबांच्या खोलीत त्यांचं जुनं ऑफिसछाप टेबल आहे, त्याच्या वरच्या खणात. किल्ल्या दोन. एक सूनबाईंकडे, दुसरी मावशींकडे, कारण सूनबाईंना शाळेतून यायला उशीर झाला तर गोळी मावशींनी द्यायची.

मावशी म्हणजे दिवसभर साहेबांना सांभाळणाऱ्या बाई. मदतनीस पुरवणाऱ्या एका संस्थेमार्फत आलेल्या. पन्नाशीच्या, रुंद बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या पिशवीत स्वतःचा कप असे, कारण दुसऱ्याच्या घरातले कप किती धुतले जातात ते आपण बघितलंय असं त्या म्हणत. थोडक्यात, त्या घरात शोभण्यासारख्याच होत्या. साहेबांशी त्यांचं छान जमायचं. साहेब त्यांना रोज सकाळी ओळखपत्र मागत, आणि त्या रोज काढून दाखवत.

गोळी सुरू झाली आणि प्रकरण सुधारायचं सोडून आणखी बिघडलं. आधी साहेब सकाळी नुसते पेंगायचे, आता दहा-साडेदहाला आडवे होत ते चारपर्यंत घोरत. रात्री मात्र टक्क जागे. तीन आठवडे होत आले तेव्हा एका रविवारी सूनबाईंनी बाटली मोजली. वीस संध्याकाळी झाल्या होत्या, म्हणजे शंभर उरायला हव्यात. उरल्या चाळीस.

सूनबाईंनी तीनदा मोजल्या. मग चिरंजिवांनी मोजल्या, कारण सूनबाईंनी मोजल्या होत्या.

मावशींना रविवारी मुद्दाम बोलावून घेतलं. मी मध्यस्थ म्हणून हजर होतो. खरं म्हणजे मी परत द्यायची शिडी घेऊन गेलो होतो, पण चिरंजिवांनी 'बसा, साक्षीला' म्हणून बसवलं.

"मावशी, दिवसा बाबा झोपून असतात ते तुम्हाला सोयीचंच, नाही का?" चिरंजीव दावा तपासतात त्या गोड आवाजात म्हणाले.

"सोयीचं? झोपलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. जागा असला की स्वतः फिरतो. तुम्ही कधी बदललीय त्यांची कूस?"

"साठ गोळ्या कमी आहेत."

"मग मोजणाऱ्याला विचारा."

"मोजणारी मी आहे," सूनबाई म्हणाल्या. "आणि किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे."

मावशींनी पिशवी उचलून टेबलावर उपडी केली. कप, रुमाल, चष्मा, सुई-दोरा, अर्धा बिस्किटांचा पुडा. "घ्या. बघा. तशी शुक्रवारी मी गॅलरीत असताना तुम्ही एकदा बघितलीच आहे, बाई. कपाचा कान आतल्या बाजूला ठेवते मी नेहमी. परत ठेवताना तुम्ही बाहेर ठेवलात."

सूनबाई लाल झाल्या. मला त्या क्षणी मावशी सरकारी खात्यात असायला हव्या होत्या असं वाटलं.

"शुक्रवारपर्यंत बघतो," चिरंजीव म्हणाले. "नाहीतर संस्थेत तक्रार करावी लागेल."

मावशींचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तक्रार करायची तर विचार करून करा, दादा. म्हाताऱ्या माणसाला गुंगी दिली अशी तक्रार गेली, की संस्था नाव कापते. एकदा कापलं की कुठलीच संस्था दारात उभं करत नाही. एकोणीस वर्षं हेच काम करतेय मी. दुसरं येत नाही मला काही."

सोमवारी चिरंजिवांनी साहेबांच्या खोलीत छोटा कॅमेरा बसवला. नऊ वाजता साहेबांनी तो पाहिला, दोन मिनिटं त्याच्याकडे रोखून बघितलं आणि त्यावर आपली टोपी अडकवली. उरलेला दिवसभर कॅमेऱ्याने टोपीचं अस्तर चित्रित केलं. चिरंजिवांचं म्हणणं पडलं की टोपी मावशींनीच अडकवायला लावली असणार.

मग माझी नेमणूक झाली. "तुम्ही घरीच असता ना, दादा," सूनबाई म्हणाल्या. "सकाळी जरा बसायला जात जा. पेपर वाचल्यासारखं करायचं आणि लक्ष ठेवायचं."

"यांना ते छान जमेल," माझी बायको म्हणाली. "पेपर वाचल्यासारखं करणं."

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी डोळ्यात तेल घालून मावशींवर नजर ठेवली. त्या स्वयंपाकघरात गेल्या की मी पाणी प्यायला जायचो. त्या गॅलरीत चादरी वाळत घालायला गेल्या की मी हवा खायला जायचो. सकाळचं साडेनऊ ते दहा एवढं मी पाणी कधी प्यायलो नव्हतो. बुधवारी त्यांनी मला चहा दिला. चहा बरा दिसत होता, पण नेमका तेव्हा मला साठ गोळ्यांचा आकडा आठवला. मी तो हळूच गॅलरीतल्या कुंडीत ओतला.

"आवडला नाही वाटतं?" मागून आवाज आला.

"नाही, नाही, गरम होता जरा."

"मग झाडाला कशाला भाजलंत?"

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्या झाडाची पानं नीट पाहिली हे मात्र सांगितलं नाही. झाड ताठ उभं होतं. साहेब मात्र तिन्ही दिवस साडेदहाला आडवे.

तीन दिवसांत मला मावशींविरुद्ध एवढंच सापडलं, की त्या चादरीचे कोपरे जुळवताना स्वतःशी बोलतात. पण चिरंजिवांना ते पुरावा म्हणून पुरलं नाही, आणि थांबायलाही पुरलं नाही. गुरुवारी दुपारी ते अचानक घरी आले, वडिलांना घोरताना पाहिलं आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्यांनी संस्थेत लेखी तक्रार पाठवली. मावशी जिन्यातच होत्या तेव्हा त्यांना संस्थेचा फोन आला: परत फिरा, ऑफिसात या, आज पाच वाजता निर्णय. मी दार उघडलं तेव्हा त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"साहेबांचं अंडं फार उकडू नका," त्या मला म्हणाल्या. "रबरासारखं झालं की ते नमुना म्हणून ठेवून देतात." आणि खाली उतरल्या.

घरातली दोघं कामावर निघाली, संध्याकाळपर्यंत साहेब माझ्या हवाली झाले. आता घरात नजर ठेवायला मावशी नव्हत्या. दुसरं काहीच बघायला नसल्यामुळे मी पहिल्यांदा साहेबांकडे बघितलं.

साडेनऊला साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी दार लोटलं, कॅमेऱ्यावरची टोपी नीट आहे ना ते पाहिलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज ती बाई नाही?"

"नाही, साहेब."

"बरं झालं. बाहेर घालवायला वेळ जातो. तुम्ही साक्षीदार म्हणून चालाल. उभे राहा. कशाला हात लावायचा नाही."

टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणातून त्यांनी छोटा काटा, वही आणि वजनांची लाकडी पेटी काढली. पेटीत मखमलीच्या खळग्यांमध्ये पितळी वजनं, मोठ्यापासून इवल्यापर्यंत, ओळीने. सगळ्यात मोठं वजन उचललं, आणि त्याच्या खालच्या खळग्यातून एक किल्ली काढली.

टेबल साहेबांचं, कुलूप साहेबांचं, तीस वर्षं ते टेबल त्यांनी वापरलेलं. तिसरी किल्ली कुणाकडे असेल, हा प्रश्न त्या संशयी घरात एकालाही पडला नव्हता. मलाही नाही.

वरचा खण उघडला. बाटली निघाली. साहेबांनी ती उजेडात धरली. "आजच आलेला माल," ते म्हणाले. "संध्याकाळी ती स्वयंपाकघरातली बाई मला यातलं देते. न तपासता घेणार नाही मी."

"रोज तपासता?"

"रोज कशाला? मालाची तपासणी एकदाच. आला की."

बाटली त्यांना रोज सकाळी नवी होती. काल तपासल्याची आठवण रात्रीतून पुसली जात होती, आणि तपासायचं कसं ते मात्र शाबूत होतं.

नंतरचं काम बघत राहावं असं होतं. एरवी शर्टाचं बटण लावताना थरथरणारे हात अगदी स्थिर झाले. काटा मांडला, रिकाम्या पारड्यांवर फुंकर मारली, काटा थांबेपर्यंत श्वास धरला. चिमट्याने एक गोळी पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात इवलं वजन. वाकून पाहिलं. वहीत लिहिलं. मग गोळी चिमट्याने उचलली आणि मी 'साहेब!' म्हणेपर्यंत तोंडात टाकून वर पाणी प्यायले.

"अहो, काय करताय? खाल्लीत?"

"साक्षीदाराने बोलायचं नाही."

दुसरी गोळी पारड्यात. मी हात पुढे केला. त्यांनी चिमट्याने माझ्या बोटांवर असा फटका मारला की माझ्या शाळेतले मास्तर आठवले. दुसरी गेली. तिसरी गेली. मग बाटली बंद, खण बंद, किल्ली वजनाखाली.

"मालामागे तीन नमुने," साहेब म्हणाले.

"पण खायचे कशाला?"

बाजाराने बत्तीस वर्षं न विचारलेला प्रश्न माझ्या तोंडून गेला. साहेबांनी माझ्याकडे नव्या शिपायाकडे बघावं तसं पाहिलं.

"तपासलेला नमुना परत मालात टाकला तर कुठला तपासलेला आणि कुठला नाही, कसं कळणार? बाहेर ठेवला तर?"

"तर?"

"बदलतात. मी पाठ वळवली की बदलतात. सगळे बदलतात." त्यांनी पोटावर हात ठेवला. "इथून काढून बदलून दाखवा म्हणावं."

मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जिवाला धोका नाही, पण उठताना तोल जाईल, जवळ बसा, म्हणाल्या. "आणि रोज असंच चाललं असेल तर काय झालंय कळलं का? सकाळी दहाला तुम्ही शरीराला दवंडी पिटून सांगताय की संध्याकाळ झाली. तीन-तीनदा. आणि संध्याकाळी परत. त्या बिचाऱ्या घड्याळाने ऐकायचं कुणाचं?"

मग चिरंजिवांना आणि सूनबाईंना फोन केले. तास आणि दावे सोडून यायला दोघांना तीन वाजले. तोवर साहेब झोपले होते आणि मी त्यांच्या उशाशी बोटं चोळत बसलो होतो.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" चिरंजिवांनी विचारलं.

"स्वतः."

"की मावशींनी तुम्हाला सांगायला सांगितलं? राग मानू नका. मला रोज असे साक्षीदार भेटतात. जिन्यात बोलत होतात तुम्ही त्यांच्याशी."

"अंड्याविषयी बोलत होतो!"

"तेच तर. एवढ्या प्रसंगी अंड्याविषयी कोण बोलतं?"

सूनबाईंनी खालचा खण उघडला, वजनाखालची किल्ली घेतली, ती कुलपात फिरवून पाहिली आणि वही घेऊन पलंगाच्या कडेला बसल्या. साहेबांचं अक्षर सुरेख होतं. प्रत्येक पानावर तारीख, तीसेक वर्षांपूर्वीची, रोज तीच. खाली 'नमुने तीन', वजनं, आणि शेरा: 'वजन योग्य. देणाऱ्या व्यक्तीवर लक्ष ठेवावे.' पंचवीस पानं भरलेली.

सूनबाईंनी बाटली टेबलावर ओतली आणि मोजली. वीस.

"पंचवीस पानं, पंच्याहत्तर गोळ्या," त्या म्हणाल्या. "पंचवीस संध्याकाळच्या, मी दिलेल्या. शंभर. उरायला हव्यात वीस." एखादा तरी आकडा इकडचा तिकडे होईल याची त्या वाट बघत होत्या असं मला वाटलं, पण एकही हलला नाही. "मावशी आज आल्याच नाहीत. आणि बाबा बघा."

साहेब घोरत होते. चिरंजिवांनी वही उलटसुलट करून पाहिली, शाई नखाने खरवडून पाहिली, खिडकीपाशी नेऊन पाहिली. मग ती मिटून काखेत धरली.

"तक्रार मागे घ्यायला हवी," ते म्हणाले.

"पाच वाजता नाव कापणार आहेत," मी म्हणालो.

सूनबाई साहेबांपाशी थांबल्या. मी आणि चिरंजीव संस्थेत पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. एका अरुंद खोलीत एक टेबल, त्यामागे चष्मा कपाळावर चढवलेले कारकून, आणि भिंतीला लावलेल्या बाकावर मांडीवर पिशवी धरून मावशी. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पिशवीचं तोंड हाताने बंद केलं.

"तक्रार मागे घ्यायचीय," चिरंजीव म्हणाले.

कारकुनांनी चष्मा खाली ओढला. "दुसरी बाई मिळाली नाही वाटतं?"

"तसं नाही."

"तसंच असतं. सकाळी तक्रार करतात, दुपारपर्यंत घरातल्या म्हाताऱ्याला स्वतः आंघोळ घालावी लागते, आणि चार वाजता मागे घ्यायला येतात. अशी तक्रार मागे घेता येत नाही. गुंगी दिल्याचा विषय आहे. दिली नाही याचा पुरावा आहे?"

चिरंजिवांनी वही पुढे केली. कारकुनांनी पंचवीसच्या पंचवीस पानं वाचली. शहरात साहेबांच्या तोडीचा दुसरा माणूस आहे हे मला तेव्हा कळलं.

"ही तारीख तीस वर्षांपूर्वीची आहे."

"वडिलांसाठी आज तीच आहे," चिरंजीव म्हणाले. हे बोलताना पंधरा ग्रॅम गमावल्याचा तो चेहरा क्षणभर नुसताच मुलाचा चेहरा झाला.

कारकुनांनी एक कोरा कागद सरकवला. "काय घडलं ते लिहा. तक्रार खोटी होती हे स्पष्ट हवं. सही करा. मी वर देतो."

चिरंजिवांनी पेन उचललं. या माणसाने नोकरीत दुसऱ्यांची हजारो निवेदनं खोटी ठरवली होती, पण स्वतःचं लिहायची वेळ कधी आली नव्हती. दहा मिनिटांत चार ओळी झाल्या. मावशी बाकावरून उठल्या, चष्मा लावला आणि कागद घेऊन उभ्यानेच वाचला.

"'काही कारणांमुळे समज-गैरसमज निर्माण झाला,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "कुणाचा झाला, दादा? माझा तर काही झाला नव्हता."

"म्हणजे... आमचा."

"मग तसं लिहा. मी गोळी दिली नाही हे लिहा. माझी पिशवी माझ्या मागे उघडली होती हे लिहा. तुम्ही चुकलात हे लिहा. उद्या दुसऱ्या घरात कुणी विचारलं तर मी हा कागद दाखवणार. त्या माणसाला अर्धा वाचूनच कळायला हवं."

चिरंजिवांनी नवा कागद मागितला. पेन तीनदा थांबलं. बरोबर पाच वाजायला सात मिनिटं असताना कारकुनांनी शिक्का मारला, एक प्रत आत नेली आणि एक मावशींना दिली. मावशींनी ती घडी न करता रुमालात गुंडाळली. बाहेर पायरीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "खाल्लं का त्यांनी काही?"

"अंडं," मी म्हणालो. "अर्धं."

"उकडलं असणार फार तुम्ही."

यायला त्या लगेच तयार झाल्या नाहीत. शनिवारी सूनबाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलं नाही. सूनबाई दीड तासाने परतल्या तेव्हा डोळे सुजलेले होते आणि मावशींच्या अटी पाठ झाल्या होत्या. एकच मोठी होती: घरातली कुठलीही किल्ली मावशींच्या हातात यायची नाही, कितीही उशीर झाला तरी.

साहेबांना तपासणी थांबवायला सांगणं अशक्य होतं. किल्ली लपवली तर ते पोलिसांना बोलावतील, आणि वहीतल्या नोंदी पाहता पोलीस त्यांचंच ऐकतील. युक्ती सूनबाईंनी काढली. त्या संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी रिकाम्या बाटलीत एकच गोळी टाकतात आणि "साहेब, माल आलाय" म्हणतात. मालच एका गोळीचा, मग नमुनाही एकच. साहेब काटा मांडतात, तोलतात, लिहितात, आणि सातच्या ठोक्याला गोळी बदलता येणार नाही अशा ठिकाणी जाते. सकाळी खण उघडून पाहतात, माल नसतो. मग चिडचिड करण्याआधी मावशी त्यांना बूट घालून उजेडात बाहेर काढतात.

साहेब बरे झाले असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईंनीही म्हणायला मनाई केलीय. आठवड्यातले तीन दिवस रात्र बरी जाते, एखादी फारच वाईट. दुपार कलली की अजूनही घरी जायचं असतं. पण सकाळी दहाला ते आता उन्हात चालत असतात, आणि चार दिवसांपूर्वी मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो.

रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने मावशी त्यांच्या कोपराला धरून चालल्या होत्या. फळवाल्याच्या गाडीपाशी साहेब थांबले, काट्याकडे पाहिलं, फळवाल्याकडे पाहिलं. फळवाला हसला. झालं, साहेबांनी दुसऱ्यांदा पाहिलं. शेवटी पुढे निघाले, तेव्हा त्यांनी माझी बाही ओढून मला जवळ घेतलं.

"ही बाई कोण?" ते मावशींना स्पष्ट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले. "रोज बरोबर येते. लक्ष ठेवा हिच्यावर."

"ठेवा, ठेवा," मावशी समोर बघत म्हणाल्या. "आता माझ्याकडे लेखी आहे."